होर्यूजीच्या भिंती

ओसाका शहरातील तेन्नोजी स्थानकावरून नारा नगरीकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, म्हणजे शहराची दाटी हळूहळू मागे पडते. गाडी नदीच्या काठाने डोंगराच्या खिंडीतून पूर्वेकडे निघते आणि थोड्याच वेळात यामातोचे सपाट खोरे दृष्टीस पडते. जपानच्या इतिहासाचा आरंभ ह्याच खोऱ्यात झाला. तेथे इकारुगा नावाचे एक लहानसे गाव आहे आणि त्या गावात होर्यूजी हे बौद्ध मंदिर आहे. स्थानकालाही मंदिराचेच नाव दिलेले आहे. उतरून वीसएक मिनिटे पायी चालत गेले, की दुतर्फा पाइन वृक्षांनी वेढलेला एक रुंद मार्ग लागतो आणि त्याच्या टोकाशी दक्षिणेचे महाद्वार दिसू लागते.

श्रोतेहो, ह्या मंदिराची कीर्ती अशी, की जगात आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींपैकी सर्वांत जुन्या इमारती येथे आहेत. आपल्याकडे प्राचीनता म्हटली, की दगड आठवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातील लाकडी कमानी हा विरळा अपवाद सोडला, तर आपल्या प्राचीन शिल्पकारांच्या लाकूडकामातले फारसे काही उरलेले नाही. ऊन, पाऊस, वाळवी आणि अग्नी यांनी ते केव्हाच नाहीसे केले. म्हणून तेराशे वर्षांचे लाकूड आजही आपल्या जागी उभे राहून कौलांचा भार वाहत आहे, हे ऐकून भारतीय मनाला प्रथम विश्वासच वाटत नाही.

मंदिराच्या स्थापनेची हकीकत तेथील एका मूर्तीच्या प्रभावळीमागे कोरलेली आहे. सम्राट योमेई आजारी पडला असता त्याने एक मंदिर बांधण्याचा आणि भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती घडविण्याचा नवस केला. परंतु ५८७ मध्ये तो मरण पावला. त्याचा नवस त्याची बहीण सम्राज्ञी सुइको आणि त्याचा पुत्र राजकुमार शोतोकु यांनी ६०७ मध्ये फेडला, असे तो लेख सांगतो. शोतोकु हा जपानच्या इतिहासातील मोठा मानाचा पुरुष. बौद्ध धर्म कोरियातील राज्यांमार्फत जपानात येऊन जेमतेम अर्धे शतक लोटले होते. त्या काळात ह्या राजपुत्राने राज्याच्या कारभारासाठी सतरा कलमांचा एक विधिलेख तयार केला, चीनच्या दरबारी वकील पाठविले आणि मठ-मंदिरे उभारली. तो ६२२ मध्ये वारला.

येथपर्यंतची कथा सरळ आहे. परंतु 'निहोन शोकी' ह्या जपानच्या प्राचीन इतिवृत्तात अशी नोंद आहे, की ६७० साली ह्या मंदिराला रात्री आग लागली आणि एकही इमारत उरली नाही. ह्या एका ओळीने विद्वानांत अनेक दशके वाद माजविला. इमारतींची घडण पाहणारे वास्तुतज्ज्ञ म्हणत, की ही घडण इतकी जुन्या वळणाची आहे, की ती आगीनंतरची असूच शकत नाही. इतिहासकार म्हणत, की एवढी स्पष्ट नोंद खोटी कशी मानावी? अखेर १९३९ मध्ये आजच्या मंदिराच्या आग्नेयेस जमीन खणली गेली, तेव्हा एका अधिक जुन्या मंदिराचा पाया सापडला. वाद बहुतांशी तेथे मिटला. शोतोकुचे मूळ मंदिर जळून गेले होते. आज आपण जे पाहतो, ते सातव्या शतकाच्या अखेरीस आणि आठव्या शतकाच्या प्रारंभी, ७११ च्या सुमारापर्यंत, पुन्हा उभारलेले मंदिर आहे.

म्हणजे ह्या मंदिराचा जन्मच मुळी राखेतून झालेला आहे, ही गोष्ट पुढील हकीकतीसाठी ध्यानात ठेवावयास हवी.

महाद्वार ओलांडून पुढे गेले, की मधले द्वार येते. त्याचे खांब मध्यभागी किंचित फुगीर आहेत. ग्रीक मंदिरांच्या खांबांशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह पूर्वी अनेकांना झाला, पण तो पुराव्याने सिद्ध झालेला नाही. ह्या द्वाराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या ऐन मध्यभागी एक खांब आहे, त्यामुळे येणाऱ्याची वाट दोन भागांत विभागली जाते. राजकुमाराच्या वंशाचा पुढे निर्घृणपणे उच्छेद झाला होता. त्याचा अतृप्त आत्मा आत कोंडून ठेवण्यासाठी हा खांब उभारला, असा तर्क उमेहारा ताकेशी ह्या तत्त्वचिंतकाने १९७२ मध्ये मांडला आणि त्याचे पुस्तक फार गाजले. इतिहासकारांनी तो तर्क मानला नाही. चांगली भुताची गोष्ट लोकांना पुराव्यापेक्षा अधिक आवडते, हा अनुभव काही जपानपुरता मर्यादित नाही.

द्वारातून आत जाताच पांढऱ्या वाळूचे विस्तीर्ण अंगण दिसते. त्याच्या भोवती लाकडी गजांच्या खिडक्यांचा ओटा फिरतो. अंगणात डाव्या हातास पाच छपरांचा उंच मनोरा, म्हणजेच पागोडा, आणि उजव्या हातास कोंदो, म्हणजे सुवर्णमंडप. कोरियातील व चीनमधील जुन्या मंदिरांत अशा वास्तू बहुधा एका सरळ रेषेत असतात. येथे एक उंच व सडपातळ, दुसरी बसकी व रुंद, अशा दोन वास्तू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि तरीही तोल कोठे ढळलेला नाही.

मनोऱ्याची उंची सुमारे ३२ मीटर आहे. त्याची छपरे वर जाताना लहान लहान होत जातात. सर्वांत वरच्या मजल्याची रुंदी तळमजल्याच्या निम्मी आहे, त्यामुळे डोळा आपोआप वर चढत जातो. शिखरावरील धातूच्या दांड्याच्या बुडाशी चार विळे खोचलेले आहेत. वीज कोसळू नये म्हणून ते लावले, असे सांगतात. लाकडाच्या मंदिराला अग्नीचे भय किती, हे त्या विळ्यांवरून दिसते. मनोरा मजल्यांचा दिसतो खरा, पण वर कोणी राहत नाही. वरचा भाग केवळ छपरांची रचना आहे. त्याच्या मधोमध हिनोकी नावाच्या सरूवर्गीय वृक्षाचा एक प्रचंड खांब तळापासून शिखरापर्यंत गेलेला आहे. त्याचा मूळ पाया जमिनीखाली सुमारे ३ मीटर खोल आहे आणि तेथे बुद्धाच्या अवशेषांचा करंडक ठेवलेला होता. स्तूपाची मूळ भारतीय कल्पना ती हीच. मातीच्या अर्धगोलाचा उंच लाकडी मनोरा झाला, पण पोटातले अवशेष तेच राहिले. हा खांब छपरांचा भार घेत नाही, तो फक्त शिखर तोलून धरतो. जपान हा भूकंपाचा देश, परंतु भूकंपाने हा मनोरा कोसळल्याची नोंद नाही.

ह्या खांबाने अलीकडे आणखी एक कोडे घातले आहे. झाडाच्या बुंध्यातील वलये मोजून त्याचे वय ठरविण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. तिने पाहता हे झाड ५९४ मध्ये तोडले गेले होते, असे २००१ मध्ये जाहीर झाले. मंदिर जळाले ६७० मध्ये, मनोरा उभा राहिला त्यानंतर, आणि खांब मात्र त्याच्याही कित्येक वर्षे आधी तोडलेला! तो कोठे पडून होता, की दुसऱ्या एखाद्या इमारतीतून काढून आणला, ह्याविषयी विद्वानांची मते भिन्न आहेत.

मनोऱ्याच्या तळघडीत चारही दिशांना मातीची लहान लहान शिल्पे आहेत. ती ७११ मध्ये घडविली गेली. उत्तरेकडील दृश्य भगवान बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे आहे. जाळीतून डोळे लावून अंधारात थोडा वेळ पाहत राहावे लागते. मग बुद्धाच्या देहाभोवती बसलेले शिष्य दिसू लागतात. कोणी तोंड वासून आक्रोश करीत आहे, कोणी छाती पिटीत आहे, आणि फासळ्या मोजाव्यात इतकी ती शरीरे कृश आहेत. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात ज्याने पहुडलेल्या बुद्धाची सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती आणि तिच्याखाली शोक करणारी माणसे पाहिली असतील, त्याला हा प्रसंग ओळखण्यास कोणाच्या मदतीची गरज पडत नाही. कुशिनारातील शालवृक्षांखाली घडलेली ती घटना एकीकडे सह्याद्रीच्या दगडात आणि दुसरीकडे यामातोच्या मातीत उमटली. तेथे दुःख आवरून धरलेले आहे, येथे ते मोकळे सोडून दिले आहे, एवढाच काय तो फरक.

आता एवढे जुने लाकूड टिकले कसे, हा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे, की ते आपोआप टिकलेले नाही. प्रत्येक काही शतकांनी इमारतीचे भाग सोडवावयाचे, कुजलेले तेवढे तुकडे बदलावयाचे आणि सारे पुन्हा जसेच्या तसे जुळवावयाचे, अशी तेथील रीत आहे. अशी शेवटची मोठी दुरुस्ती १९३४ मध्ये सुरू झाली आणि ती १९८५ पर्यंत चालली. ह्या कामात निशिओका त्सुनेकाझु ह्या सुताराचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याचा जन्म १९०८ मध्ये मंदिराच्या सावलीतच झाला. त्याचे आजोबा आणि वडील हेही ह्या मंदिराचे मुख्य सुतार होते. मुलाला सुतारकीच शिकवावयाची, तर आजोबांनी त्याला आधी शेतकी शाळेत घातले! कारण एवढेच, की झाड मातीत वाढते, तेव्हा ज्याला माती कळत नाही त्याला लाकूड कळणार नाही. आपल्याकडील कोणत्या पालकास हा हिशेब पटेल, हा प्रश्नच आहे.

निशिओकाने जुन्या तुळयांवरील हत्यारांच्या खुणा पाहून भाल्याच्या पात्यासारखा एक प्राचीन रंधा पुन्हा वापरात आणला. कौलांचे ओझे उतरविल्यावर शतकानुशतके वाकलेले वासे हळूहळू पूर्ववत होऊ लागतात आणि हिनोकीचे हजार वर्षांचे लाकूड तासले, तर आतून ताजा सुगंध येतो, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. इमारतींना पोलादाचा आधार द्यावा असा विद्यापीठातील तज्ज्ञांचा आग्रह असे आणि हा सुतार त्यांच्याशी निकराने वाद घालीत असे. लोखंडाचे आयुष्य लाकडाहून कमी, हे त्याचे म्हणणे होते. पुढे त्याने जवळच्या याकुशीजी मंदिराचा जळालेला सुवर्णमंडप आणि पश्चिमेचा मनोरा नव्याने उभारला. त्या वेळी मात्र जपानात पुरेसे मोठे हिनोकी वृक्ष उरलेले नव्हते, ते तैवानहून आणावे लागले. कसब शिल्लक राहिले आणि अरण्य संपले, अशी ही विचित्र अवस्था होती. निशिओका १९९५ मध्ये निवर्तला.

मंदिराला पैशाचीही अडचण पडली होती. एकोणिसाव्या शतकात मेइजी राजवटीच्या आरंभी बौद्ध मठांवर मोठी आपत्ती आली. जमिनी गेल्या, मूर्ती फुटल्या. तेव्हा ह्या मंदिराने १८७८ मध्ये आपल्याजवळील तीनशेहून अधिक मौल्यवान वस्तू राजघराण्यास अर्पण केल्या आणि त्या बदल्यात मिळालेल्या दहा हजार येनांतून इमारतींची डागडुजी केली. त्या वस्तू आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात. मंदिराने दागिने दिले आणि घर राखले.

पूर्वेकडील आवारात ७३९ मध्ये बांधलेला 'युमेदोनो' हा अष्टकोनी स्वप्नमंडप आहे. त्यातील अवलोकितेश्वराची मूर्ती शतकानुशतके कापडात गुंडाळलेली होती. १८८४ मध्ये अमेरिकन प्राध्यापक फेनोलोसा आणि त्यांचे जपानी सहकारी ओकाकुरा यांनी सरकारी अधिकाराने ती उघडविली. भूकंप होईल ह्या भीतीने भिक्षू मागे सरले, पण भूकंप झाला नाही. आता ती वसंतात व शरदात काही दिवस दर्शनास खुली असते. नव्या संग्रहदालनात एक लहान देव्हारा आहे. एका जातीच्या भुंग्यांचे चमकदार पंख त्यावर बसविलेले होते. त्याच्या एका बाजूस भुकेल्या वाघिणीला आपला देह देणाऱ्या राजपुत्राची जातककथा रंगविली आहे. ह्या साऱ्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत, पण सुवर्णमंडपाची कथा ह्या सर्वांहून निराळी आहे. ती सांगण्यासाठी पुन्हा आपल्या अजिंठ्याकडे जावे लागते.

सुवर्णमंडपात मध्यभागी तोरी नावाच्या शिल्पकाराने ६२३ मध्ये घडविलेल्या शाक्यमुनीच्या व त्याच्या दोन सहचरांच्या काशाच्या मूर्ती आहेत. भोवतालच्या भिंतींवर बारा मोठी चित्रे होती. चार रुंद भिंतींवर शाक्यमुनी, अमिताभ, मैत्रेय आणि भैषज्यगुरू यांचे स्वर्ग, आणि आठ अरुंद भिंतींवर बोधिसत्त्व. चित्रांची उंची ३ मीटरांहून अधिक होती. तारेसारख्या एकसारख्या जाडीच्या तांबूस रेषेने आकृती बांधलेल्या आणि त्यांत रंग भरलेले. ज्यांनी ती पाहिली, त्यांतल्या अनेकांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण झाली. तोच किंचित वळलेला देह, तीच खाली झुकलेली दृष्टी. ह्या साम्याचा अर्थ बेताने घ्यावयास हवा. अजिंठ्याचे चित्रकार काही जपानात गेले नव्हते. ह्या चित्रांचा निकटचा आदर्श तांग राजवटीतील चिनी चित्रकला हा होय आणि भारतातून निघालेले वळण मध्य आशिया व चीन ओलांडून, वाटेत पुष्कळ बदलून, येथे पोहोचले. परंतु दूरचे असले तरी नाते ते नातेच. ओकाकुरा १९०२ मध्ये भारतात आले असता अजिंठा पाहून गेले होते. १९१३ मध्ये, मृत्यूच्या अवघा एक महिना आधी, त्यांनी सरकारी समितीपुढे जो अखेरचा विषय मांडला, तो ह्या सुवर्णमंडपातील भित्तिचित्रांच्या रक्षणाचा होता.

दोन्ही ठिकाणची चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली. माती आज ना उद्या सुटणार, रंग उडणार. मग ती वाचवावयाची कशी? एक उपाय म्हणजे नक्कल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे केले. त्याची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून अनेक हिवाळे तेथे जाऊन बसले आणि त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतील शंभरावर चित्रे १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयातील आगीत नष्ट झाली. त्या विद्यार्थ्यांत आपलीच मुले होती. त्यांच्या हातची कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत संपली, ह्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही.

तिसरी हकीकत जपानी आहे. आराई कानपो नावाचा चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये कलकत्त्यास आला आणि तेथे जपानी चित्रकला शिकवू लागला. नंदलाल बसूंशी त्याची गाढ मैत्री जडली. पुढे काही जपानी सहकाऱ्यांसह तो अजिंठ्यास गेला आणि तेथील अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने चित्रांच्या नकला उतरविल्या. त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी महाभूकंप झाला, त्यामागोमाग शहरास आग लागली आणि त्या आगीत ह्या नकलाही जळून गेल्या.

म्हणजे अजिंठ्याच्या नकला तीन वेळा अग्नीच्या मुखी पडल्या आणि अजिंठ्याच्या भिंती मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यांनाही इजा झाली, पण ती बहुधा रक्षण करणाऱ्यांच्याच हातून. रंग उजळ दिसावेत म्हणून नकलाकारांनी त्यांवर रोगण फासले. निजामाच्या हैदराबाद राज्यात अजिंठा असताना, गुलाम यझदानी यांच्या पुराणवस्तू खात्याने १९२० नंतर इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा मोठ्या कौशल्याने पक्का केला, पण लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले आणि ते काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांना करावे लागले. हेतू चांगला आणि परिणाम वाईट, अशी उदाहरणे रक्षणाच्या इतिहासात थोडी नाहीत.

आता पुन्हा होर्यूजीकडे. येथे १९३५ मध्ये क्योतोच्या बेनरीदो ह्या छापखान्याने सर्व भित्तिचित्रांची मूळ आकाराची छायाचित्रे मोठमोठ्या काचांवर घेतली. १९४० मध्ये सरकारने रंगीत नकलांचे काम चित्रकारांच्या चार पथकांकडे सोपविले. सुवर्णमंडपातील अंधार घालविण्यासाठी नळीचे विजेचे दिवे लावण्यात आले. जपानात ते त्या काळी अगदी नवे होते. चारांपैकी एका पथकाचा प्रमुख होता तोच आराई कानपो. अजिंठ्यातील काम गमावलेला हा मनुष्य आता साठी ओलांडून पुन्हा एका मातीच्या भिंतीसमोर बसला. मग युद्ध आले. १९४५ मध्ये आराई वारला, काम अपुरे राहिले. युद्ध संपल्यावर इतरांनी ते पुढे चालू केले. त्याच सुमारास मंडपाची दुरुस्तीही चालली होती. वरचा मजला सोडवून ठेवला होता, मूर्ती बाहेर हलविल्या होत्या, आणि तुळयांजवळच्या वीस लहान फळ्यांवरील उडत्या अप्सरांची चित्रेही काढून घेतली होती.

२६ जानेवारी १९४९. सकाळी सातच्या सुमारास सुवर्णमंडपातून धूर येताना दिसला. आग विझविली गेली, तोपर्यंत तळमजल्याचे खांब कोळसा झाले होते आणि बाराही भिंती भाजून निघाल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत तासन्तास बसून काम करणाऱ्या चित्रकारांना ऊब मिळावी म्हणून विजेवर तापणाऱ्या गाद्या दिलेल्या होत्या. त्यांपैकी एक चालू राहिली असावी, हा तर्क सर्वाधिक मान्यता पावला, पण तो निःसंशय सिद्ध झाला नाही. तेराशे वर्षांत वादळ, भूकंप, वीज आणि महायुद्ध यांपैकी कशानेही जे नष्ट झाले नाही, ते जतन करण्याच्या उद्योगातच नष्ट झाले. युद्धात वाचलेले शांततेत गेले.

जपानवर त्या दिवशी शोककळा पसरली. पराभवातून जेमतेम सावरू पाहणाऱ्या त्या राष्ट्राने पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात इमारती व चित्रे यांच्याबरोबर कलावंतांच्या अंगच्या कौशल्यासही राष्ट्राची संपत्ती म्हणून स्थान मिळाले. वस्तू जळू शकते हे त्यांनी नुकतेच पाहिले होते. नाट्य, संगीत, हस्तकला यांतील जाणत्यांना सन्मान व साहाय्य देण्याची जी पद्धत जपानात आहे, तिचे मूळ ह्या कायद्यात आहे.

सुवर्णमंडप १९५४ मध्ये पुन्हा उभा राहिला. वरच्या मजल्याचे जुने लाकूड आगीच्या वेळी सोडवून ठेवलेले असल्यामुळे वाचले होते, ते परत आपल्या जागी चढले. भिंती मात्र बरीच वर्षे कोऱ्या राहिल्या. मग १९६७ मध्ये नामांकित चित्रकारांनी, त्या काचांवरील छायाचित्रांच्या आधारे, बाराही चित्रे नव्याने काढावयास घेतली आणि पुढील वर्षी ती मंडपात बसविण्यात आली. आजचा यात्रेकरू पाहतो ती ही चित्रे. आत प्रकाश अगदी मंद असतो आणि छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. ही नक्कल आहे हे ठाऊक असणारे काही लोक झटकन पुढे सरकतात. तसे करणे बरे नव्हे. ज्या भित्तिचित्रांची नक्कल झाली ती चित्रे तरी कोठून आली? अज्ञात चित्रकारांनी चिनी वळणावरून, आणि चिनी चित्रकारांनी त्याहून दूरच्या वळणावरून, हात फिरवूनच ती काढली होती. अजिंठ्याहून यामातोपर्यंत जी रेषा पोहोचली, ती हातांमागून हात बदलत पोहोचली. अजिंठ्यात मूळ राहिले व नकला गेल्या, येथे मूळ गेले व नकला राहिल्या. बेनरीदोने १९३५ मध्ये काचा घेतल्या नसत्या, तर १९६७ च्या चित्रकारांपुढे काय होते? कोऱ्या भिंती आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी.

आणि त्या मूळ भिंती? त्या टाकून दिलेल्या नाहीत, ही गोष्ट होर्यूजीस जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. भाजलेल्या भिंती रसायनांनी घट्ट करून, कोळसा झालेल्या खांबांसह, आवारातील एका अग्निरोधक इमारतीत हलविण्यात आल्या. खांब जसे उभे होते तसेच तेथे उभे केले आहेत आणि त्यांच्यामध्ये जळक्या भिंती आपापल्या स्थानी आहेत. रंग गेले, पण आगीने सगळेच नेले नाही. धुरकट करड्या पृष्ठभागावर रेषा अजून दिसतात. डोळा, खांदा, कमळाचा देठ धरलेली बोटे. रंगाखाली दडलेली मूळ रेखणी काही ठिकाणी आता अधिक स्पष्ट वाचता येते, असे अभ्यासक सांगतात. ही इमारत सामान्यतः बंद असते. तिच्या जतनाचा आणि ती लोकांस दाखविता येईल का, ह्याचा विचार करण्यासाठी २०१५ मध्ये तज्ज्ञांची एक समिती नेमली गेली. मधूनमधून थोड्या लोकांस आत जाण्याची संधी मिळू लागली आहे. होर्यूजी १९९३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, अजिंठा त्याच्या दहा वर्षे आधी, १९८३ मध्ये. लोकांना दाखवावे आणि तरी जपावे कसे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. अजिंठ्यात तर श्वासाची वाफसुद्धा रंगांना बाधते, म्हणून एका वेळी किती माणसे आत सोडावयाची ह्याचा हिशेब ठेवावा लागतो.

२६ जानेवारी ही तारीख आपल्या परिचयाची आहे. सुवर्णमंडप जळाला त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १९५० मध्ये, त्याच दिवशी आपले प्रजासत्ताक अस्तित्वात आले. जपानात १९५५ पासून हा दिवस सांस्कृतिक संपत्तीच्या अग्निसंरक्षणाचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे ध्वजवंदन होत असते त्या दिवशी होर्यूजीचे भिक्षू प्रथम सुवर्णमंडपात आणि नंतर त्या जळक्या भिंतींपुढे जाऊन प्रार्थना करतात. प्रार्थना आटोपली, की बंबवाले आपल्या नळ्या उलगडून सज्ज होतात. इशारा मिळताच चोहोंकडून पाण्याचे फवारे जुन्या कौलारू छपरांच्या वर उंच उसळतात, आणि जमलेली गावची मंडळी अंगावर पडणारे तुषार चुकवीत ती कवायत संपेपर्यंत थंडीत उभी राहतात.